बशीतलं हृदय

साठ सालानंतरची गोष्ट. मी धुळ्याला बी.एस्सी. करत होतो. एका प्रात्यक्षिकात सरांनी बेडकाचं हृदय काढून बशीत ठेवलं. ते तिथेही धडधडत होतं. त्यावर साधं पाणी घातलं, तसे ठोके मंदावून थांबले. क्षारांचं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाले. सरांनी सांगितलं, सोडियमचे कण पेशीत शिरतात, पोटॅशियमचे बाहेर पडतात. या ये-जा करण्यातून वीज तयार होते आणि तिच्यावर प्रत्येक ठोका चालतो. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच.

दिवाळीत गावी, कळसाडीला आलो तेव्हा बाबांचे पाय सुजले होते. शहाद्याच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून मीठ बंद केलं होतं. आई त्यांची डाळ वेगळी शिजवायची. बाबा चार घास खाऊन ताट बाजूला सारायचे.

मला वाटलं, डॉक्टर चुकतायत. त्यांना विचारायचं धाडस नव्हतं. घरात शिकलेला मी एकटाच. आई गोठ्यात गेली की मी मिठाचा खडा चुरून बाबांच्या डाळीत टाकायचो. बाबा ताट संपवू लागले. आई सुखावली, आणि मीही.

पाचव्या दिवशी सकाळी बाबांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून ते धापा टाकत होते. बैलगाडीतून शहाद्याला नेलं. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी पथ्य मोडलं का विचारलं. आई नाही म्हणाली. मग मी सगळं सांगितलं, बेडकासकट.

डॉक्टर रागावले नाहीत. हृदयाला लागतं तेवढं मीठ रक्तात असतंच, म्हणाले. वरचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, आणि त्याचा भार थकलेल्या हृदयावरच पडतो. बशीतल्या हृदयावर कसलाच भार नव्हता.

दुपारी बाबांची धाप जरा कमी झाली. मी खाटेशी गेलो.

"बाबा, डाळमा मीठ..."

"माले माहीत शे. पहिला घासलेच समजनं."

"मंग खादं कसाले?"

"तुन्ही माय टाकाव नई. तूच टाकं व्हई. पोऱ्या शिकी ऱ्हायना, त्याले कळत व्हई."

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर तीच अळणी डाळ जेवायचो. एकदा माझ्याकडून बेडकाची गोष्ट ऐकल्यावर छातीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, यातली वीज शेवटी थांबते कशानं. शिकलो होतो तेवढं सांगितलं. पुढचं मला ठाऊक नाही, हेही सांगितलं.