विहिरीच्या वरचा खड्डा

“हात लावलान तिनं विहिरीला. मी बघितलं.”

हे मी म्हटलं. देवळासमोर, साऱ्या वाडीच्या देखत. सखू खाली उभी होती, कमरेवर रिकामा हंडा. रडली नाही. एवढंच म्हणाली, “बाय, तुमीच ना पानी ओतता मला?”

खरं होतं ते. महारवाड्याला विहीर शिवायची बंदी. ती लांब बसायची, मी पाणी शेंदून तिच्या हंड्यात वरून धार धरायचे. तिची धाकटी चिमी ओंजळ पुढे करायची, तिला आधी पाजायचे. सखूने कधी दोराला बोट लावलं नाही— माझ्याइतकं ते कोणाला माहीत असणार?

आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

तो मुंबईला गॅस कंपनीत होता. तिथे कोळसा भाजून दिव्यांचा गॅस काढत, मागे डांबर उरे. शिमग्याला येताना त्याने एक डबा आणला— गोठ्याच्या मेढींना फासायला, वाळवी लागू नये म्हणून. उरलेलं घरात घाण मारू लागलं. सासू म्हणाली, टाकून ये. कुठे टाकू? नवरा सांगायचा, कंपनी मागच्या खड्ड्यांत ओतते, जमीन पिऊन टाकते. आणि हसत हेही सांगायचा, की तिथल्या विहिरीच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. दोन्ही मी ऐकलं होतं. तरी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा काढून ओतलं. का? तिथली माती मऊ होती. एवढंच.

पावसाळा सरला आणि पाण्यावर तवंग आला. विहीर बाटली, म्हणाले. महाडच्या तळ्याची गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती, मग बोट कोणाकडे जाणार? गोमूत्र ओतलं, भटाकडून मंत्र म्हणवले. वास जाईना. मी तो पहिल्याच घागरीला ओळखला— नवऱ्याच्या सदऱ्याचा वास. दर खेपेला तो मीच धुवायचे.

देवळासमोर सासऱ्यांनी विचारलं, पाणी तू ओततेस, सखूचा हात लागला का? ‘नाही’ म्हणायला काय लागत होतं? पण मग कशाने, असं कोणीतरी विचारलं असतं— आणि सगळा माळ हिरवा असताना खड्ड्यावर तेवढं गवत नव्हतं.

आम्ही वरच्या झऱ्यावर जाऊ लागलो. महारवाड्याला तिथेही बंदी केली. उरला खालचा वहाळ. आमच्या विहिरीचा पाझर त्यातच उतरायचा. तेही मला माहीत होतं.

थंडीत चिमी ओकून ओकून गेली. त्या पाण्याने की आणखी कशाने— मी विचारायला गेले नाही. पुढे सखू थोरल्या मुलाला घेऊन मुंबईला निघाली. माझ्या दारावरून गेली, आणि मी आतून कडी लावली.

सखू जगली. तिचा थोरला जगला. मीही जगले.