तिच्या सायकलचं हँडल

माझी बायको अंगणवाडी सेविका होती. आमचं घर सापगावात, माझी शाळा शहापुरात आणि तिची अंगणवाडी अगदी उलट दिशेला, किन्हवलीच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की लागणाऱ्या एका पाड्यावर. ती सायकलनं जायची. स्कूटी घेऊ या असं मी दोनतीनदा म्हटलं, पण तिनं मनावर घेतलं नाही. कॉलेजला मुरबाडला जायचं म्हणून तिच्या वडिलांनी घेऊन दिलेली ती लेडीज सायकल होती, पोलादी, उचलताना कंबर धरेल इतकी जड. लग्नानंतर भांड्यांच्या टेंपोतून ती आमच्याकडे आली. मूळचं हँडल एकदा वाकलं तेव्हा मीच त्याच्या जागी नव्या धाटणीचं सरळ हँडल बसवून आणलं होतं. दिसायला छान दिसतं म्हणून.

त्या वर्षी भातकापणी आटोपली आणि तिनं एका संध्याकाळी सायकल पडवीत लावता लावता सांगितलं, "अवो, हात लय दमतो माझा. उजवा. हँडल धरून धरून."

"दुखतो?"

"दुखत नाय. दमतो नुसता."

मी विज्ञान शिकवतो. कशाचंही कारण शोधून काढायची मला खोड आहे. मी तिला सायकलवर बसवलं, टेप आणली, सीटपासून हँडलपर्यंत माप घेतलं आणि निदान करून टाकलं: हँडल खाली आहे, सरळ आहे, त्यामुळे अंगाचा भार मनगटावर येतो. फोनवर मी याबद्दल खूप वाचलं, व्हिडिओ पाहिले. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला कळवलं तर तिनं कुरिअरनं जेलच्या मऊ ग्रिप पाठवल्या. त्या बसवल्या. आठ दिवस बायको म्हणाली, बरं वाटतंय. नंतर म्हणाली, तसंच आहे.

मग शहापूरला माझ्या शाळेजवळ सायकलीचं दुकान असलेल्या मिस्त्रीकडे गेलो. पन्नाशीचा कमी बोलणारा माणूस. त्यानं वरचा बोल्ट ढिला केला, हातोडीनं एक ठोका दिला आणि हँडल चार बोटं वर घेतलं. ती आता ताठ बसू लागली. तरी हात दमायचाच. मग मी तिच्यामागून स्कूटरवर थोडं अंतर जाऊन पाहिलं. ती हँडल फार घट्ट धरते असं मला वाटलं. कोपर ताठ, खांदा वर चढलेला.

"तू मूठ आवळून धरतेस," मी घरी आल्यावर सांगितलं. "सैल धर. सायकल काय पळून जाणार आहे?"

"धरीन सैल," ती म्हणाली.

हे मी एकदा नाही सांगितलं. जाताना सांगायचो, आल्यावर विचारायचो. कधी चिडूनही. ती मुळीच आवळून धरत नव्हती. उजवा हात धरेनासा झाला होता, म्हणून तो सुटू नये यासाठी सगळं अंग लावत होती. हे मला फार उशिरा कळलं.

घंटीचंही असंच झालं. अंगठ्यानं दाबायची घंटी उजवीकडे होती. ती म्हणाली, घंटी कडक झाली, दबत नाही. मी दाबली तर टणकन वाजली. तरी नवी आणली, हलकी. तीही दबेना, तेव्हा डावीकडे बसवून दिली आणि प्रश्न सुटला म्हणून खूश झालो.

मिस्त्रीनंच एकदा सुचवलं की ताईंना जुन्या पद्धतीचं, मुठी मागं अंगाकडे वळलेलं हँडल पाहिजे. नवीन मिळतात ती पत्र्यासारखी पातळ असतात. मुरबाडच्या बाजारपेठेत एका जुन्या दुकानात कधीकधी चांगली सापडतात. तिचं माहेर मुरबाडजवळच. एका रविवारी आम्ही स्कूटरवरून निघालो. किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचलो. हवेत गारवा होता. ती मागे बसून माझ्या पाठीवर गाल टेकून काहीतरी गुणगुणत होती. तिचा डावा हात माझ्या कमरेला होता. उजवा तिनं मांडीवर ठेवला होता.

दुकानात छताला दहाबारा हँडलं टांगलेली होती. दुकानदार म्हातारा आणि हौशी. त्यानं तिला स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "डोलं मिटा. खांदं सोडा. आता सायकल चालवताय असं समजून हात पुढं करा. बघू नका, नुसतं करा."

तिनं डोळे मिटले. हात पुढे आले आणि जिथं आले तिथंच त्यानं एक हँडल खालून आणून धरलं. तिच्या तळव्यांना मुठी टेकल्या. ती डोळे मिटूनच हसली.

"हे घरातलंच वाटतंय," ती म्हणाली.

"मग झालं. हात आपसूक जिथं पडतो तिथं मूठ पायजे. मापं काढून काय व्हत नाय."

मी खिशातली टेप खिशातच ठेवली. तिनं मग मागे लागून कॅरिअरला लावायची एक टोपली घेतली, अंगणवाडीची रजिस्टरं ठेवायला, आणि तेवढ्यावर न थांबता दोन निळे रिफ्लेक्टरही. लहान मुलीसारखी निवडत बसली होती. दुपारी तिच्या भावाकडे जेवलो. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. ती भाकरी डाव्या हातानं मोडत होती. भावजयीनं विचारलंही, "गो, डावखुरी कवापासून झालीस?" सगळे हसले. मीही.

मिस्त्रीनं बसवून दिलेल्या नव्या हँडलनं तिला खरंच सोपं गेलं. महिनाभर तक्रार नाही. मी शाळेत सहकाऱ्यांना सांगत सुटलो, पाठदुखी, हातदुखी सगळं बसण्याच्या पद्धतीत असतं म्हणून.

मग ती पडली. पाड्याच्या अलीकडे एक उतार आहे, तिथं समोरून शेळ्या आल्या. तिनं दोन्ही ब्रेक दाबले. डावा लागला, उजवा लागलाच नाही, आणि उजवी मूठ हातातून निसटली. हँडल गर्रकन फिरलं. गुडघा फुटला, हनुवटीला खरचटलं. पाड्यावरच्या बायकांनी तिला आणि सायकलला घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी रागानंच सायकल मिस्त्रीकडे नेली. म्हणालो, उजवा ब्रेक नीट बसवलेला नाही, बायको पडली माझी. त्यानं ब्रेक दाबून पाहिला, वायर पाहिली, परत दाबला.

"सर, ब्रेक बरोबर हाय."

"मग लागला का नाही?"

"ताईंना एकदा घेऊन या."

संध्याकाळी तिला घेऊन गेलो. मला वाटलं, तो पुन्हा तिची बसण्याची पद्धत बघेल. त्यानं तिला सायकलवर बसवलंच नाही. "ताई, दोनी हात असं टेबलावर ठेवा," म्हणाला. तिनं ठेवले. त्यानं तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जागेवर बोट न लावता नुसतं दाखवलं. तिथं खळगा पडला होता. डाव्या हातावर मांस होतं, उजव्यावर कातडी आत गेली होती.

"मी दिवसभर लोकांच्या मुठी बघतो, सर," तो अगदी हळू म्हणाला. "हे सायकलचं काम नाय. डाक्तरला दाखवा."

इतके महिने मी हँडल मोजत होतो. त्या हातानं मला रोज चहा मिळत होता.

शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं, कल्याणहून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. सुया टोचून तपासण्या झाल्या. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं, पण ती म्हणाली, "माझंच हाय ना? मग मलाच सांगा." त्या बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. कशामुळे होतं ते सांगता येत नाही. थांबवणारं औषध नाही.

"आधी आलो असतो तर?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "फरक पडला नसता."

त्यांनी ते माझ्यासाठी सांगितलं असावं. मला ते पुरत नाही. औषधानं फरक पडला नसता, हे मान्य. पण ते सगळे महिने मी तिला सैल धर म्हणून रागावलो नसतो.

परतीच्या वाटेवर हे तिच्याकडे मी बोललो नाही. तीच काही आठवड्यांनी बोलली. मी तिचे केस विंचरत होतो, मला ते तोवर जरा जमायला लागलं होतं.

"तुमी म्हनायचात, आवळून धरू नको. मला वाटायचं मीच चुकते. रोज ठरवायचे, आज नीट धरीन."

मी विंचरत राहिलो. ती म्हणाली, "बोलून टाकलं. आता मनात नाय माझ्या." आणि मग, "भांग वाकडा पडलाय, परत काढा."

उन्हाळ्यात दोन्ही हात गेले. पाय अजून होते. तिला अंगणवाडीचा ताबा नव्या सेविकेकडे द्यायला जायचं होतं आणि तिला तिच्या सायकलवरूनच जायचं होतं. मी स्कूटर म्हटलं तर नाही म्हणाली. मी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं टोपली काढली, कॅरिअरवर जाड गादी बसवली, मागे लोखंडी पाठ वेल्डिंग करून त्यावर रेक्झिन चढवलं, पाय ठेवायला दोन पायदाण्या लावल्या आणि कमरेला बांधायला पट्टा दिला. प्रत्येक वेळी तिला बसवून बघायचा, पाठ अर्धा इंच मागे घ्यायचा, पुन्हा बघायचा. यावेळी तो घाई करत नव्हता आणि मीही.

आम्ही गेलो. मी पुढे, ती मागे बांधलेली. ते मागं वळलेलं हँडल पहिल्यांदाच मी धरलं होतं. खरंच, फार आरामाचं होतं. उतारावर मी उतरून सायकल हातानं नेली. ती मागून म्हणाली, "काय हो, घाबरलात?" पाड्यावर बायकांनी तिला खुर्ची दिली, नव्या सेविकेला तिनं वजनकाटा कसा थोडा पुढे दाखवतो ते सांगितलं, कुठल्या घरातलं पोर खायला नको म्हणतं ते सांगितलं. सही तिला करता आली नाही. तिनं अंगठा दिला. तोही मी तिचा हात धरून उठवला. दोनशेच्या वर मुलांची नावं स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या रजिस्टरवर तो निळा ठसा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मान फिरवून म्हणाली, "चला."

त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी भातसा नदीच्या पुलापर्यंत जायचो. दिवाळीपर्यंत गेलो. मग तिची मान टिकेना. मिस्त्रीनं मानेला आधार करून देतो म्हटलं, मापही घेतलं, पण ती म्हणाली, पुरे. त्या दिवशी सायकल पडवीत लावली ती लावलीच.

मुलगी नोकरीवर रजा टाकून आली. ते शेवटचे महिने मी सविस्तर लिहिणार नाही. तिचं बोलणं घोगरं होत गेलं, मग नुसते सूर, मग डोळे. एका सकाळी, मुलगी तिचे ओठ ओल्या कापडानं पुसत होती आणि मी खिडकीचा पडदा सरकवत होतो, तेव्हा ती गेली. मी पाठमोरा होतो. मुलीनं "बाबा" म्हटलं, तेवढंच.

तेराव्याला मिस्त्री आला होता. दुकान बंद ठेवून आला होता. बराच वेळ पडवीत बसला, चहा घेतला, सायकलकडे एकदाही बघितलं नाही. जाताना माझा हात हातात घेतला आणि सोडताना म्हणाला, "जेवत जा, सर."

मुलगी पुण्याला परत गेली. जेवणाचं मी करतो. हात गेल्यावर ती ओट्याशेजारी खुर्चीत बसून मला स्वयंपाक शिकवायची. मीठ किती, फोडणी कधी, पाणी कधी. भात, वरण, पालेभाजी, बोंबील, सगळं तिनं बसल्या बसल्या करून घेतलं. वालाचं बिरडं पुढच्या महिन्यात शिकवते म्हणाली होती, वाल निवडायला वेळ लागतो म्हणून. त्या महिन्यात तिचं बोलणं गेलं. मी अधूनमधून वाल भिजत घालतो, मोड आणतो, सोलतो. मुलीला फोन करून विचारतो, तीही आठवेल तसं सांगते. कधी कडू होतं, कधी कच्चं राहतं. मी ते तसंच खातो.