अजून एक फोटो

आमच्या काकांनी अख्ख्या युद्धात एकही गोळी झाडली नाही, आणि हे ते अगदी ऐटीत सांगत. त्यांच्या विमानात बंदूकच नव्हती. होते ते कॅमेरे, विमानाच्या पोटात खाली तोंड करून बसवलेले. शत्रूच्या डोक्यावरून जायचं, फोटो काढायचे आणि धूम ठोकायची, एवढंच काम.

पण फोटो काढताना विमान जराही हलता कामा नये. खालून तोफा धडाडत असल्या तरी नाकासमोर चालायचं. शिवाय प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली अर्ध्याहून जास्त जमीन परत यायला हवी. असे दोन फोटो शेजारी ठेवून दुहेरी भिंगातून पाहिले, की भिंती, खड्डे, झाडं सगळं उठून दिसतं.

एकदा नदीवर गोळा अगदी जवळ फुटला आणि काकांचा हात हलला. विमान थोडं वळलं. परतल्यावर फोटो धुऊन टेबलावर ओळीने मांडले, तर नदीच्या वळणापाशी दोन फोटोंच्या मधे टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"एवढ्याशा जागेत काय असणार आहे?" साहेब म्हणाले. "बाकी काठ मोकळा आहे. जा, आराम कर."

"साहेब, उद्या माझा धाकटा भाऊ तिथेच नदी पार करणार आहे. मी अजून एक फोटो काढून आणतो."

"आता ते टपून बसले असतील."

"बसू देत. ओळख झालीच आहे आमची."

काका पुन्हा गेले. गोळे या वेळी आणखी जवळ फुटत होते, पंखाला भोकं पडली, पण विमान तसूभरही वळलं नाही. भीती नाही वाटली का, असं विचारलं की ते म्हणत, "वाटली की! पण तिला म्हटलं, नदी संपेपर्यंत गप्प बस."

टेबलावरच्या त्या रिकाम्या जागेत नवा फोटो बसला. त्यात जाळ्यांखाली लपवलेल्या तोफा होत्या. मग सैन्य दुसरीकडून उतरलं आणि काकांचा धाकटा भाऊ नुसते बूट भिजवून पलीकडे पोचला. तो भाऊ म्हणजे माझे बाबा.

युद्ध संपलं, काकांची खोड काही गेली नाही. घरात कुठलाही फोटो काढला की पाऊलभर बाजूला सरकून ते म्हणणार, "अजून एक!" माझ्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. जेवण गार होत होतं, सासरची मंडळी हसून हसून अवघडली होती, आणि काकांचं आपलं चालूच. शेवटी काकूने कपाळाला हात लावला. "अहो, पुरे करा आता! लोक कंटाळलेत."

बाबा म्हणजे चहाला जरा उशीर झाला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. ते मात्र पोट आत ओढून शिस्तीत उभे होते.

"वहिनी, अडवू नका त्याला," ते म्हणाले. "दादा, घे तू अजून एक. मी उभा आहे ना."