फोटो गेला, पाणी नाही

सगुण परब पेडण्याजवळच्या सात वाड्यांना नळाचे पाणी सोडतो. एकतीस वर्षांत एकाही वाड्याची पाळी त्याने चुकवली नव्हती. गावात त्याची पत काय ती एवढीच. गेल्या वर्षी ऑफिसने मोबाईल दिला. व्हॉल्व्ह उघडला की फोटो टाकायचा, वेळ आपोआप उमटते. व्हॉट्सॲपवर चार ग्रुप, आणि चारही ठिकाणी उजाडल्यापासून "फोटो?", "लोकेशन?" चालू. आधी त्याच्या छातीत धडधडायचे. हल्ली काहीच होत नाही. मोबाईल वाजतो, हात खिशात जातो, बोटे आपले काम उरकतात.

त्या सोमवारी देऊळवाड्यावर समाराधना होती. स्वयंपाक पद्मावतीकाकीकडे. दहाला तिचा फोन आला.

"सगुणा, टाकी कोरडी आसा मरे!"

"काकी, सकाळीच सोडलंय पाणी. फोटो आसा."

"मगे भात तुझ्या फोटूत शिजवू?"

सगुण स्कूटर काढून गेला. चेंबरचे झाकण उचलले. व्हॉल्व्ह गच्च बंद. सकाळी त्याने व्हॉल्व्हवर लांब चावी बसवली होती, फोटो काढला होता, तो गेल्याची हिरवी खूण आली तशी चावी काढून पुढच्या वाड्यावर गेला होता. फिरवायचे तेवढे राहिले होते. आता बावीस फेरे फिरवले. पाणी टाकीत चढेपर्यंत बायांनी विहिरीवरून कळशा आणल्या. पंगत बसली तीनला.

ऑफिसातल्या तरुण इंजिनियर विशालचा फोन आला. "सगुणदादा, घाबरू नका. फोटो सकाळी सहा वाजून बारा मिनिटांचा आहे, रेकॉर्डला तुम्ही साफ. लाईनीत हवा अडकली असं लिहितो."

सगुण चेंबरच्या काठावर बसला. लाज वाटेल म्हणून थांबला, वाटली नाही. सुटल्यासारखेही वाटले नाही. हातांनी फसवले आणि आपल्याला पत्ताच नाही, हे उद्याही होईल, एवढे मात्र कळले. त्याने चारही ग्रुपवर लिहिले: "देऊळवाड्याचा व्हॉल्व्ह मी उघडलाच नव्हता. फोटो तेवढा काढला."

विशालचा लगेच पुन्हा फोन आला. "दादा, हे कशाला लिहिलंत? आता मेमो द्यावा लागेल."

"द्या. पण उद्यापासून मोबाईल डिकीत राहणार. आधी व्हॉल्व्ह, मग पाण्याचा आवाज, मग फोटो. उशीर झाला तर त्याचाही द्या."

मेमो गुरुवारी आला. त्याने सही केली, जेवला. शुक्रवारी देऊळवाड्याचा फोटो तेरा मिनिटे उशिरा गेला. डिकी उघडली तेव्हा "फोटो?" सहा वेळा येऊन पडले होते. ते त्याने एकदमच वाचले.