साडूभाऊंचं ‘बस’

कुणावरही विश्वास ठेवू नये, यावर माझ्या साडूंचा जेवढा गाढ विश्वास आहे, तेवढा मी भल्याभल्या भक्तांचा देवावर पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभ्या नाशकात त्यांच्याइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि हे वाक्य त्यांच्या वाचनात आलं तर ते पहिल्यांदा विचारतील, ‘कशावरून? तुम्ही सगळं नाशिक पाहिलंत?’ वीज खात्यात लोकांचे मीटर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुणी सील तोडलंय, कुणी तारेवर आकडा टाकलाय, हे हुडकता हुडकता नजर अशी काही तयार झाली की माणूस निवृत्त झाला तरी नजर निवृत्त व्हायला तयार नाही. इंदिरानगरातल्या त्यांच्या घरी दूधवाला आला की ते आधी दुधाचा वास घेतात आणि मग दूधवाल्याकडे रोखून बघतात. एस.टी.त चढताना पाटी वाचतात, कंडक्टरला विचारतात, शेजारच्या म्हातारीला विचारतात, आणि एवढं करून गाडी सुटताना खिडकीतून डोकं बाहेर काढून बाजूच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारतात, ‘तुमची कुठं जाते?’ ती भलतीकडे जाते असं कळलं की मग आपली बरोबर असणार, असं त्यांचं गणित आहे.

माझ्या मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला गेलो तेव्हा हे बरोबर होते. दुकानदाराने कौतुकाने साडी उलगडली. सगळ्या बायका ‘अगंबाई!’ म्हणाल्या. साडू म्हणाले, ‘रेशीमच आहे कशावरून?’ दुकानदार बिचारा हसून म्हणाला, ‘काका, चार पिढ्या झाल्या आम्हाला मागावर.’ ‘तेच तर म्हणतो मी. चार पिढ्यांत कुणाची तरी नियत फिरणारच की!’ असं म्हणून त्यांनी पदराच्या टोकाचा सुटा धागा मागून घेतला, खिशातून काडेपेटी काढली (ते विडी-सिगारेट काही ओढत नाहीत, काडेपेटी फक्त याचसाठी), धागा जाळला, केस जळल्यासारखा वास आला तो डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, ‘हं. सध्या तरी रेशीम दिसतंय.’ दुकानदाराने हात जोडले. ‘काका, तुमचं लय अवघड हाय,’ एवढंच तो बोलला.

दुसरी एक गोष्ट म्हणजे ते कुणालाही अरे-तुरे करत नाहीत. यात अदब नाही, संशयच आहे. ‘एकदा तू झालं की माणूस दुसऱ्या दिवशी स्कूटर मागायला येतो,’ हे त्यांचं तत्त्व. आमचं नातं जुळल्याला तीसेक वर्षं होऊन गेली, पण ‘अहो, या, बसा’च्या पुढे गाडी सरकली नाही. गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं तरी ‘अहो, हाड!’ म्हणतात, असं माझी बायको सांगते. तिच्या सांगण्यातलं निम्मं मी सोडून देतो. मूलबाळ त्यांना झालं नाही. त्यामुळे सबंध जगात ‘तू’ म्हणायला त्यांच्याकडे एकच माणूस होतं, ते म्हणजे ताई, माझ्या थोरल्या मेहुणीबाई. आणि ज्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकावा असं माणूसही तेच. ताई म्हणाल्या भाजीत मीठ आहे, की ते न चाखता जेवायला बसत. ताईंना जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचा संशय जो सुटलाय, त्याला दावणच उरलेली नाही.

आमचा एक रविवारचा डोंगर चढणाऱ्यांचा कंपू आहे. मी, गंगापूर रोडवरचे एक दातांचे डॉक्टर आणि कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई. अंजनेरी झाला, हरिहर झाला, आणि मग कुणीतरी टूम काढली की उन्हाळ्याच्या तोंडाशी हिमाचलात जायचं, बर्फाचं एक उंच शिखर चढायचं आणि स्कीवरून घसरत खाली यायचं. ती टूम माझ्या डोक्यात घट्ट बसली. माझा उजवा गुडघा बदलावा लागणार होता. ती तारीख मी काहीबाही सांगून पुढे ढकलत आणली होती, कारण गुडघा बदलण्याआधी एकदा, फक्त एकदा, मला बर्फाच्या शिखरावर उभं राहायचं होतं. बाकी आयुष्यात मी फार काही मागितलेलं नाही हो.

साडूंना हे कळलं मात्र! ‘बाथरूममध्ये घसरलं तर लोक दवाखान्यात नेतात, आणि तुम्ही मुद्दाम घसरायला हिमाचलात जाणार? यात काहीतरी काळंबेरं आहे.’ मग ते काळंबेरं शोधण्यासाठी म्हणून तेही आमच्याबरोबर निघाले. आयुष्यभर जिने चढून मीटर बघितल्यामुळे त्यांचे पाय लोखंडाचे झालेत. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सरावाला गेलो तर मी धापा टाकतोय आणि हे वर पोचून विचारतायत, ‘याच मूळच्या पायऱ्या ना?’ निघताना माझ्या बायकोने त्यांना बाजूला घेतलं. ‘दाजी, यांच्याकडे लक्ष ठेवा हं. हे दुखलं-खुपलं सांगत नाहीत.’ ‘लक्ष मी सगळ्यांकडेच ठेवतो,’ साडू म्हणाले.

आमचा गाईड टेकचंद म्हणून एक हसरा, गोलमटोल गृहस्थ होता. त्याचं हसणंच साडूंना खटकलं. ‘एवढं हसायला काय झालंय या माणसाला?’ टेकचंदने समजावलं की या दिवसांत बर्फ रात्री गोठून घट्ट होतो आणि दुपारी उन्हाने भुसभुशीत होतो, म्हणून पहाटेच निघायचं. साडू मला म्हणाले, ‘अंधारात का नेतोय? काय दिसू नये म्हणून?’ चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. ती बघितल्यावर तर कहरच झाला. ‘कुणाचं कातडं हे? आज माझा गुरुवार आहे. मी यावर पाय ठेवणार नाही.’ टेकचंद शपथेवर सांगत होता की नायलॉन आहे. शपथेचा काय उपयोग! काडेपेटी निघाली. पट्टीचे चार केस उपटून जाळले, त्यांची प्लास्टिकसारखी गोळी झाली, तेव्हा कुठे साडूंचा गुरुवार वाचला. टेकचंदचं हसू तेवढ्यापुरतं मावळलं.

आणि मग ते ‘बस’ झालं. सरावाच्या सौम्य उतारावर साडू एकदा सुटले ते सुटलेच. हात पसरलेले, तोंड उघडं, आणि उताराखाली मोठमोठ्या शिळा. टेकचंद हिंदीत ओरडला, ‘बस! बस, साहब, बस!’ म्हणजे पुरे, थांबा. साडूंच्या कानावर मराठी ‘बस’ पडलं आणि ते होते तिथे धपकन खाली बसले! बर्फाचा हा एवढा ढग उडाला. ढग विरला तेव्हा साडू शिळांच्या अलीकडे मांडी घालून बसले होते आणि रागाने लाल झाले होते. ‘वयानं एवढा लहान माणूस मला बस म्हणतो? बसा म्हणता येत नाही?’ मी हसून हसून बर्फात लोळलो. त्याचा अर्थ समजावून सांगितला, तर म्हणाले, ‘मग मी बसलो कशाला?’ खरं सांगू का, तोवर त्यांनी टेकचंदचं एकही ऐकलं नव्हतं. जे एक ऐकलं ते मराठी समजून! पण थांबायचं कसं ते त्यांना कळलं. त्यानंतर ते दर वळणावर स्वतःलाच ‘बसा’ असं बजावत आणि बसत.

शिखरावर जायच्या आदल्या संध्याकाळपासूनच माझं डोकं ठणकत होतं. मी अळीमिळी गुपचिळी. पहाटे निघालो तेव्हा साडू माझ्या मागेच होते, आणि बॅटरीचा झोत पायांखाली पाडायचा सोडून माझ्या तोंडावर पाडत होते. ‘चेहरा असा का दिसतोय?’ ‘थंडीनं.’ ‘थंडी मलाही वाजतेय. माझा झालाय का असा?’ अस्सा राग आला मला! उन्हं वर आली, शेवटचा चढ लागला, आणि वर शिखरावरच्या रंगीत पताका फडफडताना दिसल्या. इतक्या जवळ की आता ओरडलं तर त्यांना ऐकू जाईल. आणि तिथेच मी वाकलो आणि भडाभडा ओकलो.

दातांचे डॉक्टर म्हणाले, ‘जरा दम खाऊ, मग बघू.’ साडू म्हणाले, ‘दाढ दुखली की तुम्हाला विचारू.’ आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ‘काय होतंय?’

‘काही नाही हो,’ मी म्हणालो. ‘पित्त झालंय.’

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. ताई गेल्या त्या सकाळी ओट्याला टेकून अगदी हेच म्हणाल्या होत्या. काही नाही, पित्त झालंय. आणि पैठणीचा धागा जाळून बघणाऱ्या या माणसाने ते खरं धरलं, त्यांना कोकमाचं सरबत करून दिलं, आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले. परत आले तेव्हा ताई नव्हत्या.

साडूंनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला. मीच घाईघाईने बोलत सुटलो, ‘अहो, हे काय, पताका दिसतायत, एवढा चढ झाला की झालं, माझ्या गुडघ्याचं तुम्हाला ठाऊक आहे, पुन्हा काही मला—’

‘बस,’ साडू म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. मी होतो तिथे बर्फात बसलो.

मग त्यांनी कुणाचं म्हणून ऐकलं नाही. डॉक्टर आणि बाई टेकचंदबरोबर वर गेले. टेकचंदचा एक जोडीदार बरोबर होता, त्याने दोर लावला, आमच्या स्की आपल्या पाठीवर बांधल्या, आणि ज्या उतारावरून मी डौलात वळणं घेत उतरायची स्वप्नं बघितली होती तो उतार मी साडूंच्या दोन पायांमध्ये बसून, बुडावर घसरत उतरलो. मागून त्यांचे दोन्ही हात माझ्या छातीशी घट्ट आवळलेले होते. दुपारच्या आत डॉक्टर आणि बाई शिखर करून, आनंदाने आरोळ्या ठोकत आमच्या बाजूने सर्रकन खाली गेले. मी मान वळवली. मला रडू येत होतं, शिखर हुकल्याचं, आणि मी साडूंशी चकार शब्द बोललो नाही. खालच्या दवाखान्यात गेल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी धरायला लागलंय, आणखी वर गेला असतात तर कठीण होतं. हे ऐकून मी साडूंकडे बघितलं. ते भिंतीवरच्या डॉक्टरांच्या पदवीची चौकट तिरकी करून मागे काय आहे ते बघत होते.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. गुडघा आता नवा बसवलाय. शिखर राहिलं ते राहिलंच, त्याची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पण मला वेगळंच काहीतरी कुरतडत होतं. आम्ही दोघंच होतो. ताई गेल्यापासून त्या घरात कुणी कुणाला ‘तू’ म्हटलेलं नाही. मी एकदाचं विचारलं, ‘साडूभाऊ, तिथे वर तुम्ही मला बस म्हणालात, ते हिंदीत की मराठीत?’

ते दुधाच्या पातेल्याचा वास घेत होते. बराच वेळ घेत राहिले.

‘हिंदीत,’ ते म्हणाले. ‘टेकचंदचं ऐकून. साडूला कुणी अरे-तुरे करतं का? चहात साखर चालेल ना तुम्हाला?’

‘तुम्हाला’ जरा जास्तच ठासून म्हणाले. पाठ माझ्याकडेच होती. मी चालेल म्हणालो. पण इतकी वर्षं या माणसाच्या सहवासात काढल्यावर थोडा तरी गुण मला लागणारच की. माझा त्यांच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास नाही.