विणकराच्या बायकोच्या सोळा ओळी

हे ऐकणारे तुम्हीच पहिले. घरी हे कुणाला ठाऊक नाही, जर्मनीत ज्यांच्याबरोबर उठले-बसले त्यांना नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं ते हेर टीमान (हेर म्हणजे तिकडचं 'श्रीयुत') तर — पण थांबा, असं शेवटाकडून सुरू केलं की मला माझाच राग येतो. क्रमाने सांगते. क्रमाने, पुराव्यासह सांगणं ही माझी ख्याती आहे म्हणे.

मी सांगलीची. वडिलांचं हळदीचं अडत दुकान होतं. पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जर्मनीला गेले, हॅनोव्हरपासून गाडीने तास-दीड तासावरच्या एका विद्यापीठात. तिथे डॉक्टरेटसाठी विषय घेतला तोही इंग्रजांचा. आमच्या काकांनी पत्रात विचारलं होतं, "का गं, जवळपास काही मिळालं नाही का?"

विषय होता बाजारगाण्यांचा. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका कागदावर एक गाणं छापायचे, वर एखादं ओबडधोबड चित्र टाकायचे, आणि विकणारा चौकात उभा राहून ते गात गात विकायचा. आपल्याकडे जत्रेत गाण्यांची चोपडी मिळतात ना, त्यातलाच प्रकार. त्यांत प्रेम, खून, भुतंखेतं सगळं असे, पण मला ओढ लागली ती पैशाच्या नि व्यापाराच्या गाण्यांची. एकात नाणं स्वतःच बोलतं, राजापेक्षा मुजरे मलाच जास्त होतात म्हणून मिरवतं. एकात खिसा रिकामा झाल्यावर मित्र कसे पांगले ते आहे. व्याजखाऊ सावकाराला सैतान उचलून नेतो, मापात मारणारा बेकर सापडतो, फेरीवाला फिती नि आरसे विकता विकता गिऱ्हाइकाच्या बायकोशी सूत जमवतो. परक्या मुलखात थंडीने कुडकुडत ते वाचताना मला आमच्या पेठेतच बसल्यासारखं वाटायचं, आणि फार बरं वाटायचं.

ती जुनी टोकदार अक्षरं वाचायला मला शिकवलं हेर टीमान यांनी. ग्रंथालयातल्या जुन्या छापील कागदांचा विभाग त्यांच्याकडे होता. साठीचे, उंच, कोपरावर ठिगळ लावलेला एकच कोट. दुपारी बारा म्हणजे बारा. पाव आणि एक सफरचंद. सफरचंदाचे चाकूने दोन भाग करायचे आणि अर्धं माझ्यासमोर ठेवायचे, न विचारता. पहिले कित्येक महिने त्या गावात माझ्याशी आपणहून बोलणारं माणूस तेवढंच होतं.

त्यांचं एक दुःख होतं. युद्धात ग्रंथालयाला आग लागली तेव्हा त्यांच्याकडे एक हातगाडी होती. दोन खेपा झाल्या. काय न्यायचं हे त्यांनी ठरवलं — धर्मशास्त्राचे जाड ग्रंथ. बाजारगाण्यांची पेटी मागे ठेवली, कारण ती बाजारू. पेटी जळली. कॅटलॉगमधली त्यांच्याच हातची कार्डं तेवढी उरली, आणि प्रत्येकावर शिक्का: क्रीग्सफेरलुस्ट. युद्धात गेलं. कार्डावर नाव आणि वरच्या चित्राचं वर्णन, बस. मग युद्धानंतर त्यांनी एक काम स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या पेटीत काय काय होतं, कुठलं गाणं, त्याच्या ओळी, कुठली चाल — जेवढं आठवेल तेवढं ते वह्यांत उतरवत होते. सात-आठ वह्या भरल्या होत्या. संध्याकाळी ट्रामपर्यंत बरोबर चालताना ते मला त्या दिवशी आठवलेलं गाणं म्हणून दाखवायचे, आणि मी हं-हं करत असे, कारण मला माझ्या प्रबंधाची घाई होती.

माझ्या प्रबंधाचा मुद्दा असा होता की या गाण्यांत विकणाऱ्या बाईचा आवाजही आहे. नुसती नवऱ्याकडे रेशीम मागणारी बायको नव्हे — माल घेऊन बाजारात आलेली, भावाला उभी राहिलेली बाई. मला खात्री होती. खात्री कशाची? पुरावा शून्य होता. सेमिनारमध्ये प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "गेनाऊ, फ्रॉयलाइन" — म्हणजे बरोबर, कुमारी — "सुंदर मुद्दा. पण ही तुमची बाई आहे कुठे?" बाकीचे हसले. माझी शिष्यवृत्ती वाढवायची की नाही ते त्याच महिन्यात ठरायचं होतं. वाढली नसती तर? सांगलीला परत, वडिलांनी पाहून ठेवलेलं स्थळ, आणि सगळ्यांनी मान हलवणं. हे मी कारण म्हणून देत नाहीये. त्या वेळी डोक्यात काय होतं तेवढं सांगतेय.

कार्डांच्या खणात एक नाव होतं: 'विणकराची बायको बाजारात'. चित्र: टोपलीत बसलेला हंस. आणि तो शिक्का. म्हणजे कागद जळलेला, कुणी कधी तपासू शकणार नाही असा.

एका रविवारी दुपारी — घरमालकीण झोपलेली, घरात चमचा वाजवायचीसुद्धा चोरी — मी खोलीत बसले आणि सोळा ओळी लिहिल्या. जुन्या इंग्रजीत, त्या गाण्यांच्याच ठेक्यात. एवढे महिने दुसरं काही वाचलं नव्हतं, हात आपोआप चालला. विणकराची बायको वर्षभराच्या कामाचं कापड घेऊन बाजारात येते. दोन व्यापारी झग्याच्या पदराखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव ठरवतात, हसतात, आणि ती समोर उभी असून आपलं वर्ष कितीला गेलं ते तिला कळत नाही.

कळलं ना तुम्हाला? हळदीचा सौदा. आमच्या दुकानासमोर रुमालाखाली अशीच बोटं धरायचे, आणि एक बाई आपल्या हळदीच्या ढिगाशेजारी उभी राहून त्या रुमालाकडे एकटक बघत होती. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. ती बाई मी उचलली आणि इंग्लंडात नेऊन उभी केली. इंग्लंडात असं कुणी कधी करत होतं का? मला काय माहीत! मी तेवढाही विचार केला नाही.

आदल्या उन्हाळ्यात मी दोन आठवडे लंडनला जाऊन आले होते, ते कामी आलं. एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात कुणा युद्धापूर्वीच्या विद्यार्थ्याची वही पाहिली, तीत या कागदाची नक्कल होती, मी उतरवून घेतली, वही नंतर विकली गेली — असं सांगितलं. प्रोफेसरांनी ओळी दोनदा वाचल्या. बोटांच्या सौद्यावर तर ते एकदम फिदा झाले. याचा उल्लेख आणखी कुठे नाही, म्हणाले. कसा असेल? शिष्यवृत्ती वाढली.

इथपर्यंत असतं तर ती लबाडी होती, आणि लबाडीला मी कशीतरी सरावलेही असते.

दुसऱ्या दिवशी हेर टीमान वाचनकक्षात आले. बाराची वेळ नव्हती. ओळींचा टंकलेला कागद त्यांच्या हातात होता. म्हणाले, "फ्रॉयलाइन, एक तरी आगीतून वाचलं." मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आणि मला आठवतंय. ती झग्याखालची बोटं — हो, हो, मी ते वाचलं होतं. आता मला कळलं की माझं डोकं शाबूत आहे. माझ्या वह्यांवर विसंबायला हरकत नाही."

मी काय केलं? हसले. त्यांनी अर्धं सफरचंद दिलं, ते खाल्लं.

त्या क्षणी सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा केलाय. परत जावं लागलं असतं, एवढंच. पण मी खाल्लं ते सफरचंद, आणि पुढे दरवर्षी ते आणखी खोल जात राहिलं. प्रबंध छापला गेला. त्याच विद्यापीठात मला असिस्टंटची जागा मिळाली. लुडविग्सहाफेनला केमिस्ट असलेले आमचे कुलकर्णी अभिनंदनाला आले, दुधाच्या पावडरीचे पेढे घेऊन. "अहो शालूताई, फ्रॉयलाइन डॉक्टर म्हणायचं आता तुम्हाला, काय? नाहीतर बुसगेल्ड!" — म्हणजे दंड. त्यांना निरोप द्यायला स्टेशनवर उभी असताना वाटलं, यांना सांगावं. मराठीत तरी एकदा मोठ्याने बोलावं. "कुलकर्णी, एक सांगायचंय," असं म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "पेढे कच्चे होते ना? माहितीये मला. गॅस बंद पडला मध्येच." गाडी आली आणि ते गेले.

हेर टीमान निवृत्त झाले, पण वह्या चालूच होत्या. आता तर भरवशाने चालू होत्या. लंडनच्या पुस्तकवाल्यांना पत्रं लिहून ते माझी ती वहीसुद्धा शोधत होते. कुणाला माहीत नाही असं उत्तर आलं की मला दाखवायचे आणि म्हणायचे, शोधू आपण. आपण!

साठचं दशक निम्मं सरलं असेल. इंग्लंडातल्या कुठल्याशा घरात जुन्या कागदांचा गठ्ठा निघाला आणि त्यातल्या काहींची छायाचित्रं एका पुस्तकात छापून आमच्या ग्रंथालयात आली. त्यात 'विणकराची बायको बाजारात' होती. वर टोपलीतला हंस, कार्डावर लिहिलाय तसाच. खाली गाणं — बाई कापड विकते, सगळे पैसे बिअरमध्ये उडवते, आणि घरी जाताना चिखलात पडते. संपलं. झगा नाही, बोटं नाहीत, माझी बाई नाही.

प्रोफेसरांनी खांदे उडवले. गाण्याची दोन रूपं असतात, विद्यार्थ्याच्या वहीत दुसरं असेल, म्हणाले. माझ्या केसालाही धक्का लागला नाही.

पण हेर टीमान यांनी ते कार्ड स्वतः लिहिलं होतं. हंस त्यांनी पाहिला होता. तोच कागद, त्यात शंकाच नव्हती. मग झग्याखालची बोटं त्यांना आठवली कुठून? त्यांना माझा संशय यायला हवा होता. आला नाही. स्वतःचा आला.

त्यांनी मला कॉफीला बोलावलं. मी केक घेऊन गेले — हो, केक घेऊन. टेबलावर सगळ्या वह्या मांडलेल्या होत्या. त्यांनी आधी माझी माफी मागितली. तुमच्या कामाला मी खोटी साक्ष दिली, म्हणाले, जे वाचलंच नव्हतं ते वाचलंय असं सांगितलं. मग वह्यांवर हात ठेवून विचारलं, "फ्रॉयलाइन डॉक्टर, तुम्ही या विषयातल्या. खरं सांगा. अशा डोक्यातून आलेल्या यादीवर कुणी विश्वास ठेवावा का?"

एक वाक्य पुरलं असतं. त्या ओळी मी लिहिल्या, हेर टीमान, तुमचं डोकं ठीक आहे. ते वाट बघत होते. सभ्य माणूस, घाई करत नव्हते. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते हे: "या वयात होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटलीत केकचा तुकडा वाढला.

ते गेले त्याच हिवाळ्यात. पुरल्यानंतर त्यांची भाची भेटली, तिला मी वह्यांचं विचारलं. ती म्हणाली, "त्या? मामांनी स्वतःच सुतळीने बांधून रद्दीच्या गाडीत दिल्या की. तुम्ही येऊन गेलात ना, त्याच आठवड्यात. चुकीचं काही मागे ठेवायचं नाही म्हणाले."

त्यानंतर मी कित्येक वर्षं तिथेच शिकवलं. माझ्या सोळा ओळी आणखी दोघा-तिघांनी आपापल्या पुस्तकांत घेतल्या, बोटांच्या सौद्यासकट, आणि कुणीतरी त्यावर इंग्रजी व्यापाराच्या रीतीभातींचा सिद्धांतही बांधला. मी एकदाही हात वर केला नाही.

कधी कधी बसते आणि आठवायचा प्रयत्न करते. इतक्या संध्याकाळी ट्रामपर्यंत ते माझ्या शेजारून चालत होते, जळलेली गाणी एकेक करून मला म्हणून दाखवत होते. त्यांच्यानंतर ती ऐकलेलं माणूस मीच. एक ओळ तरी? चालीचा एखादा तुकडा? त्यांच्या बुटांचा आवाज आठवतो, कोटाचं ठिगळ आठवतं, पण गाण्यातलं काहीही आठवत नाही. माझ्या सोळा ओळी मात्र मला अजून पाठ आहेत.