संगणकाला दुधाचा गारवा

पुण्याहून एसटीत बसलो तेव्हा गळ्यात टाय होता. भिगवणला उतरेपर्यंत तो खिशात गेला आणि चिलापीचं (उजनीच्या पाण्यातला मासा) कालवण ओरपताना शर्टावर सांडलेला रस्सा पुसायला कामी आला. कंपनीने मला तज्ज्ञ म्हणून पाठवलं होतं. माझं तज्ज्ञपण तीन दिवसांच्या शिबिरातलं.

वरकुट्याजवळ दुधाच्या शीतकरण केंद्रात आमचा संगणक होता. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत तो तापून बंद पडायचा आणि सकाळच्या सगळ्या नोंदी पुसल्या जायच्या. तो चालवणाऱ्या शालनताईंनी मला दारातच गाठलं.

"साहेब, परवापतूर नीट झालं न्हाय तर मशीन माघारी धाडणार हायती. मी कॅन धुता धुता हे शिकले. मला पुन्यांदा कॅनवर जायाचं न्हाय."

मी रुबाबात एसी सुचवला. केंद्राचा जनरेटर दूध गार करण्यातच दमत होता, त्याला एसी पेलणार नव्हता. मग मी भिगवणच्या मासळीवाल्याकडून बर्फाच्या लाद्या मागवून संगणकाभोवती रचल्या. दहा मिनिटं खोली गार झाली. नंतर पाणी वाहत स्टॅबिलायझरपर्यंत गेलं, फट् असा आवाज आला आणि खोलीभर मासळीचा वास उरला. शालनताई फडकं घेऊन फरशी पुसू लागल्या, आणि मला मान वर करवेना.

केंद्राचे मेकॅनिक महादेवआबा दारात येऊन हुंगत उभे राहिले. "मशीनला बाजार दावताय व्हय, साहेब?"

आत येऊन त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. "दूध गार करून पाणी माघारी येतंय, ते बी गारच आसतंय. ते हिकडनं फिरवू की."

त्यांनी भंगारातल्या ट्रॅक्टरचा रेडिएटर आणला, खिडकीत बसवला, त्यातून ते पाणी खेळवलं आणि मागे पंखा लावला. "ओल धरेल," मी शिबिरातलं ज्ञान पाजळलं.

"थेंब भायेर गळतील. आत निस्ता वारा."

स्टॅबिलायझरही त्यांनीच दुरुस्त केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. तीन वाजले, चार वाजले. संगणक चालूच. शालनताईंनी एक एक नोंद तपासली, मग पदर खांद्यावर ओढून घेतला. "आबा, पंखा जरा हळू करा. थंडी वाजाया लागली."

पुण्याला परतल्यावर अहवालात मी आबांचं नाव लिहिलं. आमच्या साहेबांनी ते खोडून माझं घातलं, म्हणाले, "मेकॅनिकचं नाव बरं दिसत नाही." पुढे त्या खिडकीबद्दल माझं तीनदा कौतुक झालं आणि तिन्ही वेळा मी आभार मानले. चौथ्यांदा झालं तर खरं सांगेन, असं ठरवलं होतं. पण नंतर कुणी विचारलंच नाही, म्हणून इथे लिहितोय.